पेडल म्हणजे खटका नव्हे

संगणकावर वाजणाऱ्या पियानोंच्या जाहिराती पाहाव्या तर एकेका सुराची किती ध्वनिमुद्रणे घेतली याचाच डांगोरा अधिक. उजव्या पायाखालच्या पेडलाविषयी मात्र बहुधा मौन! पेडल दाबले की सूर लांबतो, सोडले की थांबतो, याहून त्यात अधिक काय आहे, असा पुष्कळांचा समज दिसतो. हा समज आम्हांस सर्वस्वी चुकीचा वाटतो. आणि त्याचे फळ शिकणाऱ्या मुलांस भोगावे लागते, म्हणून तो खोडून काढणे अवश्य आहे.

खऱ्या पियानोत काय घडते ते पाहा. पट्ट्या 88, तारा सुमारे 230. अगदी वरचे सूर सोडले तर प्रत्येक सुराच्या तारांवर नमद्याची गादी टेकलेली असते. पेडल दाबताच या साऱ्या गाद्या एकदम उचलल्या जातात, आणि वाजविलेल्या सुराशी नाते असलेल्या इतर ताराही आपोआप झंकारू लागतात. सतारीच्या तरफा ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांस हे निराळे सांगणे नलगे. पेडल अर्धवट सोडले तर गाद्या तारांस नुसत्या स्पर्श करतात. वरचे सूर लवकर विरतात, खर्जाच्या जाड तारा मात्र गुणगुणत राहतात. बेथोव्हेनच्या 1801 सालच्या ‘मूनलाइट’ सोनाटाचा पहिला भाग सबंध गाद्या उचलून वाजवावा अशी त्याची सूचना आहे. आजच्या पियानोवर ती अक्षरशः पाळली तर सुरांचा चिखल होतो; म्हणून पुष्कळ वादक अर्ध्या पेडलाचा आश्रय करतात. ज्या वाद्यात अर्धे पेडलच नाही, त्यावर बिचाऱ्या विद्यार्थ्याने काय करावे?

यंत्रास हे जमणार कसे, असे कोणी म्हणेल. 1983 साली ठरलेल्या ‘मिडी’ संकेतात पेडलास 64 हा क्रमांक असून त्याची स्थिती 0 ते 127 या आकड्यांनी कळविण्याची सोय आहे. परंतु 63 पर्यंत बंद व पुढे चालू, एवढाच अर्थ घेऊन कित्येक वाद्ये मोकळी होतात. उलट, तारांचे कंपन गणिताने निर्माण करणाऱ्या ‘पियानोटेक’मध्ये अर्धे पेडलही आहे आणि अनुनादही. तेव्हा उणीव शक्तीची नसून इच्छेची आहे.

सामान्य श्रोत्यास हा भेद कळत नाही, हा दुसरा आक्षेप. न कळो! वाजविणाऱ्यास तो कळलाच पाहिजे. पेडल कानाने शिकावयाचे असते. ऐकू येणारा फरकच जेथे नाही, तेथे पाय कशाच्या आधारे शिकणार? खटक्यावर वाढलेला पाय खऱ्या पियानोपुढे आंधळा ठरतो.

म्हणून पालकांस आमचे सांगणे एवढेच की, खरेदीपूर्वी एक परीक्षा करावी. पेडल दाबून खर्जाचा व मध्य सप्तकाचा असे दोन सूर जोराने वाजवावे व पट्ट्या सोडाव्या. मग पेडल निमिषभर सोडून लगेच पुन्हा दाबावे. वरचा सूर विरून खर्ज मंद का होईना उरला, तर वाद्य विचारात घेण्याजोगे आहे. दोन्ही एकदम तुटले, तर विक्रेत्यास नमस्कार करून परत फिरावे. ध्वनिमुद्रणांच्या आकड्यांस भुलू नये.