हरळीच्या काशा

रानात नांगरट झाली की आईचं पुढच्या आठ दिवसांचं काम ठरलेलं असे: काशा वेचणं. ढेकळं फोडून हरळीच्या त्या पांढुरक्या, गाठीगाठींच्या मुळ्या ती ओच्यात गोळा करी आणि बांधावर नेऊन उन्हात टाकी. एक पेरभर तुकडा मातीत राहिला तरी पहिल्या पावसात तिथून पुन्हा हिरवा फुटवा निघे. हरळीनं रान धरलं की सोडवता सोडवता माणूस म्हातारा होतो, असं ती म्हणायची. भाद्रपदात मात्र त्याच बांधावर ती आम्हाला दूर्वा खुडायला पाठवी.

ही हरळी पुढे मला खेळाच्या पानावर भेटली. तिथे तिचं नाव बर्म्युडा ग्रास. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन, म्हणजे आपली दूर्वाच. २०१७ साली सतरा वर्षांखालच्या मुलांचा फुटबॉल विश्वचषक भारतात झाला. नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम त्याच्या सहा मैदानांपैकी एक होतं. कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर तोवर कृत्रिम हिरवळ होती. ती उखडून तिथे याच हरळीची रिव्हिएरा नावाची जात वाढवली. त्याच स्पर्धेत ब्राझील आणि इंग्लंडचा उपांत्य सामना गुवाहाटीला ठरला होता. पावसानं तिथलं मैदान इतकं खराब झालं की दोन दिवस आधी तो सामनाच कोलकात्याला हलवावा लागला. ज्या मैदानावर गवत मुरवून वाढवलं होतं, तिथे तो पार पडला.

धरमशालालाही असंच घडलं. तिथल्या क्रिकेटच्या मैदानावर नवं गवत लावलं, पण ते दाट व्हायला वेळ पुरला नाही. म्हणून मार्च २०२३ मधली ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी इंदूरला गेली. पुढे त्याच वर्षीच्या विश्वचषकात, ७ ऑक्टोबरला, अफगाणिस्तानचा मुजीब चौकार अडवायला झेपावला आणि त्याचा गुडघा जमिनीत रुतला. मैदानाचा एक तुकडा उखडून वर आला. मुजीब वाचला, पण ते दृश्य मी पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला होता. जे गवत वरून हिरवं दिसत होतं, त्याच्या मुळ्या खालच्या वाळूला धरूनच नव्हत्या.

हे मी जवळून पाहिलंय. आमच्या भागातल्या एका मैदानावर मोठी स्पर्धा होती. पाहुणे येणार, फोटो निघणार, म्हणून आदल्या आठवड्यात ट्रकनं गवताचे गालिचे आले. सतरंजीसारखे गुंडाळलेले, खाली दीड-दोन बोटं माती. दोन दिवसांत मैदान हिरवंगार. मी तेव्हा कडेला उभा राहून एका गालिच्याचा कोपरा धरून उचलला, तर गोधडीसारखी अख्खी पट्टीच वर आली. खाली आमची जुनी मुरमाड जमीन होती तशीच, रोलर फिरवून कडक केलेली. गवत आणि जमीन यांची अजून ओळखसुद्धा झाली नव्हती. स्पर्धा झाली, पाहुणे गेले, पाण्याचा टँकर यायचा बंद झाला. महिन्याभरात पट्ट्यांच्या कडा तांबूस झाल्या, मग त्या आक्रसल्या आणि दोन पट्ट्यांमध्ये पाय अडकेल एवढ्या फटी पडल्या. सकाळी पळायला येणाऱ्या मुली त्या फटी चुकवत पळायच्या. ज्यांच्यासाठी मैदान असतं त्यांच्या वाट्याला मैदान पहिल्यापेक्षा वाईट आलं, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

गालिचे अंथरूच नयेत, असं मला म्हणायचं नाही. १९९४ च्या फुटबॉल विश्वचषकात डेट्रॉइटजवळच्या छप्पर असलेल्या स्टेडियममध्ये कॅलिफोर्नियात वाढवलेलं गवत षटकोनी पेट्यांमध्ये बसवून आणलं, आणि त्यावर सामने नीट झाले. पण त्यामागे एका विद्यापीठातल्या माणसांची दीर्घ तयारी होती. हरळीला ऊन भरपूर लागतं, सावलीत ती झुरते, थंडीत तिची वाढ थांबते. तिचे धावे जमिनीवरून पसरतात आणि काशा जमिनीखालून. हे दोन्ही एकमेकांत गुंतायला महिने जातात, तेव्हा कुठे झेपावणाऱ्या माणसाचं वजन ती पेलते.

कुस्तीवाल्यांना हे सांगावं लागत नाही. २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत नगरच्या वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या झाल्या, गादीवरही आणि मातीवरही. मातीवरच्या मल्लांचं अंग ज्या हौद्यात घडतं तो तालमीत रोज खणला जातो. त्या मातीत हळद, ताक, तेल, लिंबू मुरवतात, दगडाचा बारीक खडाही हातानं वेचतात. पैलवान नसलेल्या दिवशीही कुणीतरी माती उकरतच असतं.

आता पाण्याचं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली १२ तारखेला. दुसऱ्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयानं ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले. मैदानांना लागणाऱ्या पाण्याचा आकडा तेव्हा सुमारे ६० लाख लिटर असा चर्चेत होता. निकाल मला तेव्हाही पटला होता, आजही पटतो. नगर जिल्ह्यातल्या माणसाला टँकरची रांग आणि चारा छावणी समजावून सांगावी लागत नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात छावणीच्या दावणीला बांधलेली जनावरं मी पाहिली आहेत. त्यांच्यापुढच्या वैरणीकडे पाहताना कुणाच्याही मनात शोभेच्या हिरवळीचा विचार येणार नाही.

पण आयपीएलच्या त्या निकालापासून एक समज घट्ट झाला, की मैदानावरचं गवत म्हणजे श्रीमंतांची चैन. तिथे माझा विरोध आहे. हरळी ही कोरडवाहू मुलखाची बाई आहे. उन्हाळाभर करपून पडते आणि एका वळवानं डोकं वर काढते. तिला पाण्याआधी राखण हवी असते. हे आमच्या जिल्ह्यातल्या हिवरे बाजार या गावानं आपल्याला शिकवलं. पोपटराव पवार पुण्यात शिकताना क्रिकेट खेळणारे. १९८९ साली ते गावचे सरपंच झाले. गावानं चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली, जनावरं डोंगरावर सोडायची नाहीत, गवत विळ्यानं कापून भाऱ्यानं घरी न्यायचं. अवर्षणाच्या पट्ट्यातला तो उघडा डोंगर गवतानं झाकला गेला. तिथे कुणी गालिचे अंथरले नव्हते.

आमच्या जिल्ह्यातल्या क्रिकेटपटूंचंच पाहा. अजिंक्य रहाणेचा जन्म संगमनेर तालुक्यातल्या आश्वीचा. डोंबिवलीत तो शिकला मॅटिंगवर, कारण याहून बरी सोय घरच्यांच्या ऐपतीत नव्हती. श्रीरामपूरचा झहीर खान मुंबईला गेला तेव्हा कुठे त्याचा मार्ग उघडला. आपल्या पोरांना गवतावर झेपावायला गाव सोडावं लागतं. इथे ती मुरमावर झेपावतात आणि गुडघ्यांवर खपल्या घेऊन घरी जातात. क्षेत्ररक्षणात आपला खेडेगावातला मुलगा अंग चोरतो अशी तक्रार निवड समितीतली मंडळी करतात. मला त्यात त्या मुलाचा दोष दिसत नाही.

गेल्या जूनमध्ये गावी गेलो तेव्हा शाळेच्या सरांनी एक गोष्ट केलेली पाहिली. नांगरटीच्या वेळी त्यांनी घरोघर निरोप धाडला होता, की काशा बांधावर जाळू नका, पोत्यात भरून शाळेत पाठवा. आईनंही दोन पोती दिली होती. मुलांनी मैदान कुदळीनं हलकं उकरलं, हातभर अंतरानं काशा पुरल्या, कडेनं बाभळीच्या फेसाट्या लावून शेळ्या अडवल्या आणि पावसाळाभर त्या भागात खेळ बंद ठेवला. दिवाळीत पुन्हा गेलो. मध्येमध्ये टक्कल होतं, पण एका बाजूनं हरळीचे धावे खो-खोच्या खांबापर्यंत आले होते. मी वाकून एक धावा ओढून पाहिला. तो निघाला नाही. आईला घरी येऊन सांगितलं, तर ती म्हणाली, "निघायची नाहीच ती. मी जन्मभर ओढतीये."