नराराला जाताय? आधी ओहोटी पाहा
द्वारकेला निघालेली बहुतेक कुटुंबे जामनगरहून सरळ पुढे जातात. पण जामनगरपासून सुमारे ६० किलोमीटरवर, वाडीनारजवळ नराराचा खडकाळ किनारा आहे. कच्छच्या आखातातील सागरी राष्ट्रीय उद्यानाचा (स्थापना १९८२) हा भाग. इथे समुद्रातले जीव पाहायला पोहता यावे लागत नाही. ओहोटीने पाणी हटले की चालतच जायचे. प्रवाळ, खेकडे, तारामासे आणि नशीब असेल तर ऑक्टोपसही दिसतो.

म्हणून गाडीचे तिकीट काढण्याआधी ओहोटीची वेळ विचारून घ्या. ती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी अधिक दूर हटते. हिवाळा सर्वांत चांगला.

वनविभागाची परवानगी घ्या, माहीतगार वाटाड्या बरोबर ठेवा. खडक धारदार आणि निसरडे असतात, तेव्हा चपलांऐवजी घट्ट बसणारे जुने बूट घाला. प्रवाळ जिवंत असते, त्यावर पाय देऊ नका. मुलांना जीव उचलू देऊ नका.

आणि वाटाड्या ‘परत फिरा’ म्हणाला, की ‘एकच फोटो’ असा हट्ट नको. भरतीचे पाणी सखल जागांतून आधी पाठीमागे शिरते.