परताव्याचा विलंब की सक्तीचे कर्ज?

प्राप्तिकराच्या परताव्याकडे आपल्याकडे अजूनही कृपाप्रसाद म्हणून पाहिले जाते. तो वेळेवर मिळाला तर सरकारची मेहेरबानी, न मिळाला तर आपले नशीब, अशी सामान्य करदात्याची समजूत असते. ती मुळातच चुकीची आहे. परतावा हा करदात्याचाच, देय करापेक्षा अधिक कापून घेतलेला पैसा होय. तो परत करण्यास जितका उशीर होतो, तितका काळ करदाता सरकारला सक्तीने कर्ज देत असतो.

या कर्जाच्या अटी पाहण्यासारख्या आहेत. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या २४४अ या कलमाने परताव्यावर दरमहा अर्धा टक्का व्याज ठरविले. करदात्याचा भरणा लांबला तर मात्र त्याच कायद्याने दरमहा एक टक्का आकारला. समजा, एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या ठेवींवरील व्याजातून २४,००० रुपये अधिक कापले गेले आणि ते दहा महिन्यांच्या व्याजासह परत मिळाले. त्याच्या हाती व्याजाचे १,२०० रुपये पडतील. तेवढीच थकबाकी त्याच्याकडे असती, तर त्याला २,४०० रुपये भरावे लागले असते. शिवाय मिळालेले व्याज करपात्र, भरलेल्या व्याजाची मात्र वजावट नाही. १ एप्रिल २०२६ ही ज्याच्या अंमलाची तारीख, त्या २०२५ च्या नव्या कायद्याने भाषा सुटसुटीत केली. ही तफावत तशीच ठेवली.

मुदतींचीही तीच गत. विवरणपत्राची पडताळणी करदात्याने तीस दिवसांत करावयाची. खात्याला मात्र आर्थिक वर्ष संपल्यानंतर नऊ महिने. म्हणजे जुलैत भरलेल्या विवरणपत्राचा निर्णय पुढील वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत लांबला, तरी कायद्याचा भंग होत नाही.

अशा स्थितीत करदात्याने काय करावे? प्रथम आपल्या बाजूची चूक नाही, याची खात्री करावी. पडताळणी राहून गेलेली असणे, बँकखाते प्रमाणित नसणे, खात्यावरील व पॅनवरील नावांत फरक असणे, ही रखडण्याची नेहमीची कारणे होत. जुन्या थकबाकीपोटी परतावा वळता करण्याची सूचना आली असल्यास तिला मुदतीत उत्तर द्यावे. मौन म्हणजे संमती मानली जाते. परतावा मंजूर होऊनही जमा झाला नसेल, तर तो पुन्हा पाठविण्याची विनंती करावी. एवढ्याने न भागल्यास खात्याच्या संकेतस्थळावर लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा. शेवटचा मार्ग उच्च न्यायालयाचा. पण चोवीस हजारांसाठी तो कोणाला परवडणार?

न्यायालयांच्याही मर्यादा आहेत. पुण्याच्या सँडविक एशिया कंपनीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली वर्षानुवर्षे रखडलेल्या रकमेबद्दल भरपाई देवविली. परंतु २०१३ साली गुजरात फ्लुओरो केमिकल्सच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने खुलासा केला, की कायद्यात सांगितलेल्या व्याजापलीकडे करदात्यास काही मागता येणार नाही. लहान करदात्याला विनाखर्च दाद मागण्यासाठी असलेली प्राप्तिकर लोकपालाची व्यवस्था सरकारने २०१९ साली मोडीत काढली. चेंडू आता संसदेच्या अंगणात आहे.

खोट्या वजावटी दाखवून परतावा उकळणारेही आहेत आणि त्यांची छाननी झालीच पाहिजे, हे मान्य. बहुसंख्य परतावे आता पूर्वीपेक्षा लवकर मिळतात, हेही नाकारता येत नाही. पण छाननीच्या नावाखाली प्रामाणिक करदात्याला काहीच न कळविता ताटकळत ठेवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. परतावा रोखला तर तो का व किती दिवस, हे लेखी कळविण्याचे बंधन खात्यावर हवे. व्याजाचा दर दोन्ही बाजूंना सारखाच हवा. असा दर हा विलंबावरचा सर्वांत स्वस्त अंकुश ठरेल. कारण ज्याला उशिराची किंमत मोजावी लागते, तोच घाई करतो.

कर निश्चित असावा आणि करदात्याच्या सोयीने घेतला जावा, असे अॅडम स्मिथने १७७६ साली सांगून ठेवले. घेताना जी तत्परता, तीच देताना दाखविली, तरच करदात्याकडून प्रामाणिकपणाची अपेक्षा करण्याचा नैतिक अधिकार सरकारला उरतो.