तिजोरी रिकामी, मग ताट कोणाचं उचलायचं?



सरकार म्हणतं पैसा नाही. खोटं नाही ते. 1991 च्या जुलैत रिझर्व्ह बँकेचं सुमारे 47 टन सोनं लंडनला गहाण गेलं, रुपयाची किंमत दोनदा उतरवली. आपण पावसाळ्यात दाणा संपला की खावटी घेतो, तसंच हे. फक्त खावटी उचलली त्यांनी आणि पोटाला चिमटा आपण काढायचा.

खताचे भाव 40 टक्के वाढवायचे ठरले होते. बागायतदार ओरडले, त्यांचे खासदार ओरडले, वाढ 30 वर आली. डिसेंबरात रेशनचे गहू-तांदूळ महागले, तेव्हा कोण ओरडलं?

शहरातले शिकलेले लोक म्हणतात, अशा दिवसांत वाटप परवडत नाही. रोजगार हमी तर त्यांच्या डोळ्यात सलते, कारण तिच्यासाठी पगारातून व्यवसाय कर कापतात. पण हमी निघाली ती 1972 च्या दुष्काळात. तेव्हा काय तिजोरी भरून वाहत होती? 1973 च्या उन्हाळ्यात जवळजवळ 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्यातूनच पुढे कायदा झाला, 26 जानेवारी 1979 ला लागू झाला. आणि वाटप कसलं? खडी फोडली, पाझर तलाव खणले, तेव्हा मजुरी मिळाली. ती मजुरी बाजाराच्या दिवशी मीठ-मिरचीत, कापडात जाते, दुकानदाराचाही गल्ला हलतो. मंदीत हे बंद केलं तर गल्लाही बंद.

आता मुंबईचं ऐका. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात, आरे कॉलनीत आपले वारली, कातकरी, मल्हार कोळी आहेत. जंगल तेच, भूक तीच. पण हद्द महापालिकेची, म्हणून हमीचं काम नाही. 1992 ची सुधारित रेशन योजना आदिवासी आणि दुष्काळी भागातल्या ब्लॉकांना होती. मुंबईत ब्लॉकच नाही. पाड्यातला एखादा पालिकेत कायम झाला की त्याचा व्यवसाय कर मात्र न चुकता कापतात. तो पैसा मोखाड्याला जातो, जावाच. पण त्याची शेजारीण फाटी विकून पोट भरते, तिला कुठला कायदा?

आपल्यातलेच काही म्हणतात, लढाई जमिनीची आहे, रेशन मागून लाचार कशाला व्हायचं. मला हे पटत नाही. प्लॉट नावावर झाला तरी पहिलं पीक येईस्तोवर खायचं काय? उपाशी माणूस सावकाराच्या ओट्यावर जातो, आणि प्लॉटही त्याच्यामागून तिथंच जातो. जव्हारच्या वावर-वांगणीत 1992 मध्ये पोरं गेली, ती सातबाऱ्याची वाट बघू शकत नव्हती.

तेव्हा गावांनी कामाची मागणी लेखीच द्यावी, पोच घ्यावी. 15 दिवसांत काम नाही दिलं तर बेकार भत्ता मागायचा, तोंडी कोणी टोलवलं तर हलायचं नाही. मुंबईच्या पाड्यांसाठी हद्दीची अट काढा, ही मागणी पुढच्या मोर्चाच्या निवेदनात जमिनीच्या मागणीखालीच लिहू. तुमच्या पाड्याचं मत बैठकीत सांगा.