गारव्यातली पाल

परवा ऐरोलीला आमच्या घरी आलेल्या मावशी निघायला उठल्या आणि ट्यूबलाइटमागे पाल चुकचुकली. मावशी पुन्हा खाली बसल्या. तेवढ्यात लोकल गेली. आम्ही म्हणालो, "मावशी, ती तुम्हाला अडवत नव्हती. ती दुसऱ्या पालीला आपली हद्द सांगत होती." मावशी हसल्या. त्यांच्या नातवाने मात्र विचारले, "डोंगरातही पाली असतात का?"

असतात. आपल्या सह्याद्रीत नेमास्पिस नावाच्या छोट्या पालींचा गट आहे. शेपटी सोडली तर बऱ्याच जणी करंगळीएवढ्याच. घरातली पाल रात्री दिव्याजवळ किडे टिपते, या बहुतेक दिवसा फिरतात. म्हणून त्यांच्या डोळ्याची बाहुली गोल असते, घरातल्या पालीसारखी उभी फट नसते. बोटेही बारीक असतात.

दिवसा फिरतात, पण ऊन त्यांना सोसत नाही. सरडा उन्हात अंग शेकतो. या मात्र झाडाच्या बुंध्यावर, दगडाच्या सावलीत, ओलसर कपारीत राहतात. देह एवढासा, तो लवकर तापतो आणि लवकर सुकतो. मधले उघडे, तापलेले रान त्या सहसा ओलांडत नाहीत. त्यामुळे लाखो वर्षांत डोंगराडोंगरावर त्यांच्या वेगवेगळ्या जाती झाल्या. साताऱ्याच्या कास पठारावरची एक जात 2014 साली जगापुढे आली. सरीसृपांचे अभ्यासक डॉ. वरद गिरी यांचे नाव तिला दिले आहे. आंबोलीची पिवळ्या पोटाची पाल 2016 साली नोंदली गेली. कित्येक पिढ्या गुराख्यांच्या डोळ्यांसमोर असलेल्या या पालींना शास्त्राच्या वहीत जागा मिळाली ती अशी काल-परवा.

आता विचार करा. झाडे तुटली, कपार फुटली, सावली गेली, तर ती कुठे जाईल? दुष्काळात आपले वाडवडील गाव सोडून निघाले, कुणी गिरणीत लागले, कुणी तुर्भ्याच्या खाणीत खडी फोडली, आणि पोरांना शिकवले. माणूस परमुलखात जाऊन जगतो. या पालीला शेजारचा डोंगरसुद्धा परमुलूखच. एका डोंगराची सावली संपली की एखादी अख्खी जात संपू शकते.

तेव्हा पावसाळ्यात मुलांना घेऊन खारघरच्या किंवा कर्नाळ्याच्या डोंगरात जाल, तेव्हा एवढे करा. दगड उलटू नका. उलटलाच तर होता तसा ठेवा, कारण अशाच फटीत पाली अंडी चिकटवतात. आणि दिसलेल्या पालीवर दगड मारू नका. भारतातली एकही पाल विषारी नाही.

मावशी पुढच्या लोकलने गेल्या. निघताना पाल पुन्हा चुकचुकली. या वेळी त्या थांबल्या नाहीत.