दुर्बिणीचा पाया

परीक्षेत उत्तम गुण मिळविणाऱ्या मुलांना दुर्बीण भेट देणारी कुटुंबे आता पुष्कळ दिसतात. पहिल्या रात्री सारे घर गच्चीवर जमते. चंद्र सापडतो, पण दृश्य स्पष्ट करण्यासाठी स्क्रूला हात लावताच तो थरथरू लागतो. चार-सहा रात्रींनंतर दुर्बीण कपाटावर जाते आणि तिच्यासोबत मुलाचे कुतूहलही. दोष भिंगाला दिला जातो. वस्तुतः तो बहुधा दुर्बिणीच्या बैठकीचा असतो.

कारण सरळ आहे. शंभर पट मोठे दाखविणारी दुर्बीण आपली थरथरही शंभर पट मोठी दाखविते. खरेदीच्या वेळी ग्राहक ‘किती पट’ एवढेच विचारतो. स्वस्त दुर्बिणींत काटकसर होते ती तिपाईवर. दर्शनी भागावर खर्च करून पाया कच्चा ठेवलेल्या दुकानासारखाच हा व्यवहार होय.

अमेरिकेतील जॉन डॉब्सन (१९१५-२०१४) यांनी या प्रश्नाचे उत्तर अल्प खर्चात शोधले. सॅन फ्रान्सिस्को येथील वेदान्त मठात संन्यासी असताना ते टाकाऊ जाड काचा घासून दुर्बिणीचे आरसे बनवीत. उंच तिपाईऐवजी त्यांनी प्लायवूडची बुटकी, रुंद पेटी बैठक म्हणून वापरली. भार जमिनीलगत राहिल्याने डोलणे थांबले. सांध्यांत टेफ्लॉनचे तुकडे असल्याने नळी अलगद सरकते आणि हात काढताच तेथेच थांबते. ही बैठक आज जगभर त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

घरातील तिपाईही सुधारता येते. प्रथम परीक्षा घ्यावी: नळीला हलकी टिचकी मारून चित्र स्थिर होईपर्यंतचे सेकंद मोजावेत. एक-दोन सेकंद लागले तर बैठक चांगली. पाचांहून अधिक लागले तर उपाय हवा. पाय पूर्ण लांब न करता आखूड ठेवावेत व खुर्चीवर बसून पाहावे. सर्व स्क्रू घट्ट करावेत. नळी दोन्ही बाजूंनी समतोल आहे ना, हे तराजूच्या दांडीसारखे पारखावे. पायांखाली जाड रबराचे तुकडे ठेवावेत. गच्चीवर इतरांच्या चालण्यानेही चित्र हलते. म्हणून शक्य असल्यास अंगणातील जमीन निवडावी. आरंभ कमी पटीच्या नेत्रभिंगाने करावा.

आणखी एक उपाय व्यापारी घरांत आयताच असतो. इलेक्ट्रॉनिक काटे आल्यापासून माळ्यावर पडून असलेले पाच किलोचे लोखंडी वजन तिपाईच्या मध्यभागी, झुलणार नाही असे घट्ट बांधावे. हलकी तिपाई त्याने जमिनीला धरून राहते.

त्यानंतर पुन्हा टिचकी मारून सेकंद मोजावेत. थरथर निमाली की गुरूचे चार चंद्र जवळजवळ एका रेषेत दिसतात. कपाटावरची दुर्बीण खाली काढण्यास एवढे कारण पुरेसे आहे.