खेळणे : भोग की उपभोग?

जैन घराची ओळख स्वयंपाकघरापासून होते. पाणी गाळून घेतले जाते, सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपतात, आणि अन्नाचा कणही वाया जाऊ नये म्हणून ताट धुऊन ते पाणी पिणारी ज्येष्ठ मंडळी आजही अनेक कुटुंबांत आहेत. रोज सकाळी चौदा नियम धारण करणारी श्राविका दिवसभरात किती द्रव्ये खायची, किती वस्त्रे वापरायची, याची संख्या मनाशी निश्चित करते. ही दक्षता घराच्या एका कोपऱ्यापर्यंत मात्र पोहोचलेली दिसत नाही. तो कोपरा मुलांच्या खेळण्यांचा. चाके निखळलेल्या मोटारी, हात तुटलेल्या बाहुल्या, सेल संपल्यावर मुका झालेला पियानो आणि वाढदिवसांना आलेली, अजून न उघडलेली खोकी यांची मोजदाद कोणी ठेवत नाही. मुलाचे म्हणून जे आले, ते जणू व्रताच्या हिशेबाबाहेर राहते.

आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात भोग आणि उपभोग यांत भेद केला आहे. जे एकदा वापरले की संपते तो भोग, उदाहरणार्थ अन्न. जे पुन्हा पुन्हा वापरता येते तो उपभोग, उदाहरणार्थ वस्त्र. श्वेतांबर परंपरेत हाच भेद उपभोग आणि परिभोग या शब्दांनी सांगितला जातो. शब्द कोणतेही घेतले तरी दोहोंनाही परिमाण असावे, अशी शिकवण आहे. या कसोटीवर खेळणे कोठे बसते? आजोबांचा लाकडी भोवरा वडिलांनी फिरवला आणि नातवाच्या हाती आला, तोवर ते निःसंशय उपभोगाच्या वर्गात होते. आठवड्यात मोडणारे, दुरुस्त न होणारे आणि मोडले नाही तरी दहा दिवसांत विसरले जाणारे खेळणे मात्र खाऊच्या पुडीसारखे एकदाच भोगले जाते. पुडीतला खाऊ निदान पोटात जातो. खेळण्याचा सांगाडा मागे उरतो.

या सांगाड्याचे पुढे काय होते, हे भंगारवाल्याला विचारावे. तो वर्तमानपत्राची रद्दी घेतो, लोखंड घेतो, पाण्याच्या बाटल्या घेतो. तुटलेले खेळणे घेताना कां-कूं करतो. एकाच खेळण्यात दोन-तीन जातींचे प्लास्टिक, पोलादी स्क्रू, तांब्याची तार, छोटी मोटर आणि वर रंगाचा थर असतो. हे सुटे करण्याची मजुरी हाती येणाऱ्या मालाच्या किमतीहून अधिक पडते. म्हणून ते ओल्यासुक्या कचऱ्याबरोबर गावाबाहेरच्या ढिगाऱ्यावर जाते. तेथे जाळले गेले तर धूर होतो. पावसाने वाहून नेले तर तुकडे नाल्यात आणि पुढे नदीत उतरतात. पाण्यातल्या ज्या सूक्ष्म जिवांसाठी घरातले पाणी गाळले जाते, त्यांच्याच वसतीत घरातला हा कचरा जाऊन पोहोचतो.

यावरचा सोपा उपाय म्हणून प्लास्टिक सोडा आणि लाकूड घ्या, असे सुचवले जाते. तो अर्धाच बरोबर आहे. प्लास्टिकच्याच, पण उत्तम प्रतीच्या ठोकळ्यांचे उदाहरण पाहावे. डेन्मार्कच्या लेगो कंपनीने १९५८ साली बनवलेला ठोकळा आजच्या ठोकळ्यात नेमका बसतो. तीन पिढ्या एकाच डब्यातून खेळू शकतात. तोच ठोकळा समुद्रात गेला तर प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांच्या २०२० मधील अंदाजानुसार १०० ते १३०० वर्षे टिकू शकतो. टिकाऊपणा घरात गुण ठरतो आणि समुद्रात दोष. त्यामुळे वस्तू कशाची आहे, याइतकेच ती किती वर्षे आणि किती हातांतून फिरणार आहे, हेही महत्त्वाचे ठरते.

लाकडी खेळण्यांच्या बाबतीत जैन गृहस्थाला आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. सावंतवाडीच्या चितार आळीतील रंगवलेली लाकडी फळे आणि भातुकली महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या घरोघर गेली. कर्नाटकातील चन्नपट्टणची खेळणी काळ्या कुड्याच्या जातीच्या पांढऱ्या लाकडाची असतात. कातयंत्रावर फिरणाऱ्या लाकडाला रंगीत लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते आणि तुळतुळीत चकाकी येते. पर्यावरणस्नेही खेळणी म्हणून त्यांची कीर्ती आहे आणि ती योग्यही आहे. मात्र ही लाख पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर राहणाऱ्या किड्यांच्या स्रावापासून मिळते. फांदीवरून ती खरवडून काढताना असंख्य किडे मरतात. श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्याची गणना याच कारणाने झाली आहे. दुसऱ्या बाजूने पाहता, लाखेचे उत्पन्न मिळते म्हणून शेतकरी पळस-कुसुमाची झाडे राखतात, हेही खरे. येथे पर्यावरणाचा विचार एकीकडे आणि जीवदयेचा विचार दुसरीकडे ओढतो. ज्या कुटुंबाचा नियम कडक आहे, त्याने विक्रेत्याला स्पष्ट विचारावे : यावर लाख आहे, तेलरंग आहे, की नुसते तेल चोळले आहे? जवसाच्या तेलाने पुसलेले किंवा कोरेच ठेवलेले लाकडी खेळणेही मिळते. मागणी झाली तर अधिक मिळेल. रंग असेल तर त्यातील शिशाचीही विचारणा करावी. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक नसावे, असा नियम देशात २०१७ पासून लागू आहे. तान्ह्या मुलाचे खेळणे हातापेक्षा तोंडात अधिक असते, हे ध्यानात ठेवले म्हणजे या चौकशीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

यानंतर येते परिमाण. पुष्कळ खेळणी म्हणजे पुष्कळ आनंद, असा पालकांचा समज असतो. अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी देऊन पाहिले गेले. चार खेळणी असताना मुले एकेका खेळण्याशी अधिक वेळ रमली आणि त्याच्याशी अधिक तऱ्हांनी खेळली. जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात १९९२ पासून काही बालवाड्यांनी याहून धीट प्रयोग केला. तीन महिने सगळी तयार खेळणी कपाटात. वर्गात उरल्या त्या चादरी, उशा, टेबले, खुर्च्या आणि मुले. व्यसनमुक्तीच्या कार्यातून निघालेला हा उपक्रम होता. वस्तू हाती नसताना कंटाळा सहन करून स्वतः काही घडवता आले पाहिजे, ही शक्ती लहानपणीच यावी, असा त्यामागचा विचार.

मर्यादित काळासाठी वस्तूचा त्याग करणे जैन कुटुंबाला नवे नाही. चातुर्मासात हिरवी भाजी सोडणारे, एकासना करणारे घर ते रोज जगते. तोच प्रकार खेळण्यांना लावता येईल. मुलाला जवळ बसवून सगळी खेळणी जमिनीवर मांडावीत. त्याने स्वतः दहा निवडावीत. उरलेली एका पेटीत चातुर्मासभर विश्रांती घेतील. कार्तिकी पौर्णिमेनंतर पेटी उघडली की जुनीच खेळणी नवी वाटतात आणि नवी खरेदी आपोआप टळते. निवड मुलाने करावी, हे महत्त्वाचे. आई-वडिलांनी हिसकावून घेतलेली वस्तू त्याग ठरत नाही. तिच्याविषयीची आसक्ती उलट वाढते.

विकत न घेता खेळण्याची परंपराही समृद्ध आहे. सागरगोटे झुडपाखाली पडलेल्या बिया आहेत, चिंचोके स्वयंपाकघरातले आहेत, लगोरीला फरशीचे सात तुकडे आणि चिंध्यांचा चेंडू पुरतो. आयआयटी कानपूरचे पदवीधर अरविंद गुप्ता यांनी पुण्यातील आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, जुन्या पेनांच्या नळ्या अशा टाकाऊ वस्तूंपासून शेकडो वैज्ञानिक खेळणी घडवली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. त्यांच्या पद्धतीत मूल खेळणे आधी बनवते, मग खेळते आणि पुष्कळदा मोडून पुन्हा बनवते. राजस्थान-गुजरातेतील जैन घरांत कापडावर किंवा कागदावर रंगवलेले ज्ञानबाजीचे पट असत. ८४ घरांच्या या पटावर शिड्या वर नेत, साप खाली आणत आणि शेवट मोक्षस्थानी होई; पर्युषणाच्या दिवसांत तो आवर्जून मांडला जाई. एका पटाने घराच्या कित्येक पिढ्या खेळवल्या आणि खेळता खेळता कर्मसिद्धान्तही शिकवला. जुन्या चादरीच्या तुकड्यावर आजी-नातवंडांनी मिळून असा पट रंगवणे एका रविवारचे काम आहे. दान टाकण्यासाठी कवड्या नकोत, कारण कवडी हे समुद्रातल्या जिवाचे कवच. एका बाजूने घासलेले चिंचोके चांगले काम देतात.

अंगणातल्या खेळालाही जयणा हवी. झाडाची पाने ओरबाडू नयेत, मुंग्यांची रांग मोडू नये, फुलपाखरू पकडून डबीत कोंडू नये, हे मैदानात शिकवले तरच मुलाला उमगते. संक्रांतीला नायलॉनच्या मांज्याने पक्ष्यांचे पंख कापले जातात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जुलै २०१७ मध्ये या मांज्यावर देशभर बंदी घातली. तरीही जीवदया मंडळांच्या कार्यकर्त्यांना जानेवारीत जखमी पाखरे उचलावी लागतात. औषधोपचाराला देणगी द्यायची आणि घरातल्या मुलाच्या हाती तीच रीळ असू द्यायची, ही विसंगती प्रथम घरातून जावी.

हा विषय दुकानाच्या गल्ल्याशीही निगडित आहे, कारण समाजातील अनेक कुटुंबे खेळणी, भेटवस्तू आणि स्टेशनरी यांच्या व्यापारात आहेत. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणे १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचे आहे; नोंदणीकृत हस्तकला कारागिरांची आणि भौगोलिक मानांकन असलेली खेळणी यातून वगळलेली आहेत. सेलवर किंवा विजेवर चालणारी खेळणी १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांच्या कक्षेत येतात आणि त्यांच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकावर आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अस्तेय व्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत राज्याच्या नियमाविरुद्ध व्यवहार आणि प्रतिरूपक व्यवहार हे दोन आहेत. चिन्हाविना आलेला स्वस्त माल मागच्या दाराने विकणे पहिल्यात मोडते. साध्या खोक्यावर हिरवे पान छापून आतील माल ‘पर्यावरणस्नेही’ म्हणून खपवणे दुसऱ्यात मोडते. ज्या दुकानात सुटे चाक आणि बाहुलीचा हात मिळतो, मोडलेले खेळणे दुरुस्त करून मिळते, त्या दुकानाची पायरी ग्राहक पुन्हा चढतो. पेढीची पत अशाच व्यवहाराने वाढत आली आहे.

उरतो तो सामाजिक प्रसंगांचा भाग. पाठशाळेत, पारण्याच्या वेळी, वाढदिवशी मुलांना जे वाटले जाते, त्यातील बहुतांश वस्तू प्लास्टिकच्या आणि क्षणभंगुर असतात. फुग्यांना लावायच्या प्लास्टिकच्या काड्यांवर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे. पण बंदी नसलेल्या निरुपयोगी वस्तूंचीही वाण नाही. धर्माविषयी आदर वाढावा म्हणून प्रभावना वाटली जाते. दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जाणाऱ्या वस्तूने तो वाढेल कसा? त्याऐवजी बियांची पुडी, रंगीत खडू, गोष्टीचे पुस्तक किंवा लाकडी भोवरा देता येईल. पाठशाळेच्या खोलीत एक कपाट खेळण्यांसाठी राखले, तर दर रविवारी मुले एक खेळणे परत करून दुसरे घरी नेतील. वीस कुटुंबांनी प्रत्येकी पाच चांगली खेळणी दिली की कपाटात शंभर होतात आणि प्रत्येक मुलाला ती शंभरही उपलब्ध असतात, घरात मात्र एकच असते.

परिग्रहपरिमाणाचे व्रत मोठेपणी घेताना जड जाते, कारण तोवर ‘माझे’ म्हणण्याची सवय हाडीमासी भिनलेली असते. मुलाच्या आयुष्यातला पहिला परिग्रह खेळणे हाच असतो. ते किती असावे, ते कोणाच्या श्रमातून आणि कोणत्या जिवाच्या किमतीवर आले, आपले खेळून झाल्यावर ते कोणाला द्यावे, हे प्रश्न पाचव्या वर्षी कानावर पडलेले मूल पंचविसाव्या वर्षी गल्ल्यावर बसेल, तेव्हा त्याला ते नव्याने शिकवावे लागणार नाहीत. येत्या चातुर्मासापूर्वी एका संध्याकाळी खेळण्यांचा तो कोपरा मुलांसह आवरावा आणि आधी नुसती मोजणी करावी. संख्या कळली की पुढचा नियम कोणता घ्यायचा, हे घर स्वतःच ठरवील.